मायनर कॉर्डला ‘करुण स्वरमेळ’ म्हणावं का?

मालवणहून एका वाचकाने विचारलंय: मुलाला कीबोर्ड शिकवताना मेजर कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर) ‘आनंदी स्वरमेळ’ आणि मायनरला ‘करुण स्वरमेळ’ म्हटलं तर चालेल का?

‘स्वरमेळ’ चालेल. ‘स्वरसंघात’ही म्हणता येईल, पण मला त्यात अपघात ऐकू येतो. इंग्रजी ‘कॉर्ड’ मुळात ‘अकॉर्ड’वरून, म्हणजे जुळण्यावरूनच आला. शेजारी गोव्यात चारशे-साडेचारशे वर्षं राहिलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेतही कॉर्डला ‘आकॉर्द’ म्हणतात. तेव्हा ‘मेळ’ अर्थालाही धरून आहे.

‘करुण’ मात्र नको. पेटीवर पांढरी एक (दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी पट्टी), पांढरी तीन, पांढरी पाच एकदम दाबा, ही मेजर. आता पांढरी तीन सोडून काळी दोन घ्या, झाली मायनर. पांढरी एकला सा धरलं तर बदलला फक्त गंधार, शुद्धचा कोमल झाला. सा-गंधारातलं अंतर चार अर्धस्वरांचं होतं ते तीनवर आलं. मेजर-मायनर म्हणजे लॅटिनमध्ये थोरला-धाकटा, एवढंच. हसण्या-रडण्याचं त्यात काही नाही. जर्मन लोक मायनरला ‘मोल’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मऊ. आपला ‘कोमल’ वेगळ्याच वाटेने तिथे पोचला, याची मला भारी गंमत वाटते.

सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर वाढलेल्या कानाला मायनर उदास वाटते, हे नाकारत नाही. पण काफी रागात गंधार-निषाद दोन्ही कोमल, आणि होरी, म्हणजे होळीची गाणी, बहुतेक त्यातच गातात. बाहेर शिमग्याची पालखी नाचत असताना काफीतली होरी कुणाला रडवते? शिवाय लय कोणती, आधी कोणती कॉर्ड होती, यावरही बरंच ठरतं.

त्याच मायनरमधली पांढरी पाच सोडून काळी तीन दाबून बघा: सा, कोमल ग, तीव्र म. ही डिमिनिश्ड. पंचम गेला की साकवाची फळी हलल्यासारखं होतं, कान पुढे टेकायला जागा शोधतो. याला कुठल्या रसाचं नाव देणार?

म्हणून ‘शुद्ध गंधाराचा मेळ’ आणि ‘कोमल गंधाराचा मेळ’ म्हणा. फक्त ज्या स्वरावर कॉर्ड उभी आहे त्यालाच दर वेळी सा धरायचं, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर गाण्याचा सा आणि कॉर्डचा सा यांत तो हटकून घोटाळा करील.