वाचक विचारतात : घटनादुरुस्तीला किती मतं लागतात आणि कोणाची?

प्रश्न : आमच्या ग्रुपवर वाद झालाय. एक म्हणतो घटना बदलायला लोकसभेत 362 खासदार लागतातच, दुसरा म्हणतो 272 पुरतात. खरं काय? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : दोघांकडेही अर्धंच उत्तर आहे. कलम 368 मध्ये दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. एक, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं बाजूने पाहिजेत, म्हणजे लोकसभेत 543 पैकी किमान 272, आणि इथे गैरहजर असलेले किंवा रिकाम्या जागा वजा करता येत नाहीत. दोन, जे हजर राहून मत देतात त्यांच्यातले किमान दोन तृतीयांश बाजूने पाहिजेत. समजा 450 जणांनी मत दिलं तर 300 लागतील. 390 जणांनीच दिलं तर दोन तृतीयांश होतात 260, पण पहिल्या अटीमुळे 272 शिवाय सुटका नाही. 362 हा आकडा 543 पैकी जवळपास सगळ्यांनीच मतदान केलं तरच. म्हणून विरोधकांनी सभात्याग केला की सरकारचं काम सोपं होतं, विरोध खरंच असेल तर आत बसून विरोधात बटण दाबायला पाहिजे.

आणि हेच गणित राज्यसभेतही स्वतंत्रपणे जमवावं लागतं, पुन्हा पहिल्यापासून. साध्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते, घटनादुरुस्तीला ती सोयच नाही.

एकेका मताची किंमत बघायची असेल तर 1970 बघा. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे त्यांना सरकारकडून दरवर्षी मिळणारी रक्कम, बंद करायचं विधेयक इंदिरा गांधींच्या सरकारने आणलं होतं, आपल्याकडच्या कोल्हापूर सांगलीसारख्या जुन्या संस्थानांनाही ते लागू होणार होतं, लोकसभेत ते पास झालं आणि सप्टेंबरमध्ये राज्यसभेत गेलं. तिथे बाजूने 149, विरोधात 75. एकूण 224 चे दोन तृतीयांश होतात 149.33. पडलं विधेयक! एक मतसुद्धा नाही, मताचा तुकडा कमी पडला. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, तो आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबरमध्ये रद्द केला, आणि शेवटी निवडणूक जिंकून आल्यावर 1971 मध्ये 26 वी घटनादुरुस्ती करूनच तनखे बंद झाले.

प्रश्न : राष्ट्रपती घटनादुरुस्ती अडवू शकतात का? (लातूर)

उत्तर : नाही. 1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून संमती देणं बंधनकारक आहे. साधं विधेयक ते फेरविचाराला परत पाठवू शकतात, हे नाही.

प्रश्न : मी एका सहकारी संस्थेचा संचालक आहे. 97 वी घटनादुरुस्ती कोर्टाने रद्द केली म्हणतात. दोन्ही सभागृहांनी पास केलेली गोष्ट कोर्ट कशी काय रद्द करतं? आणि आमच्या संस्थेचं आता काय? (सातारा जिल्हा)

उत्तर : हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण महाराष्ट्रात गावोगावी पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने, शहरात हाउसिंग सोसायट्या, आणि तरी ही गोष्ट फार कमी जणांना माहितीये. काही विषय असे आहेत की संसदेचं दुहेरी बहुमत झालं तरी पुरत नाही, राष्ट्रपतींकडे जायच्या आधी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यतेचा ठराव करावा लागतो, आज 28 राज्यं आहेत म्हणजे 14. राष्ट्रपतींची निवडणूक, सुप्रीम कोर्ट हायकोर्ट, केंद्र राज्य अधिकारांची वाटणी, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व आणि खुद्द कलम 368, असे विषय त्यात येतात.

आता सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय. 97 व्या दुरुस्तीने घटनेत नवीन भाग 9 ख घातला, संचालक 21 पेक्षा जास्त नकोत, मंडळाची मुदत पाच वर्षं वगैरे. म्हणजे राज्यांनी कायदा कसा करायचा यालाच केंद्राने चौकट घातली, आणि राज्यांना विचारलंच नाही. गुजरात हायकोर्टाने 2013 मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने जुलै 2021 मध्ये सांगितलं की मान्यता घ्यायलाच हवी होती, त्यामुळे तो भाग राज्यातल्या संस्थांपुरता गेला, बहुराज्य संस्थांसाठी, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्यांसाठी, तेवढा राहिला. त्यातल्या तरतुदी चांगल्या की वाईट हा मुद्दाच नव्हता, रस्ता चुकला होता.

मला याचं वाईट वाटतं कारण ही पायरी अवघड नाहीये हो. जीएसटीची 101 वी दुरुस्ती लोकसभेने 8 ऑगस्ट 2016 ला पास केली, आपल्या विधिमंडळानेही त्याच महिन्यात खास अधिवेशन घेऊन मान्यता दिली, आणि 8 सप्टेंबरला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. एका महिन्यात निम्म्याहून जास्त राज्यं!

तुमच्या संस्थेचं म्हणाल तर महाराष्ट्राने 2013 मध्ये स्वतःचा सहकार कायदा त्या दुरुस्तीला धरून बदलला होता, तो बदल आपल्या विधिमंडळाने केलेला आहे त्यामुळे तो आपोआप जात नाही, विधिमंडळ स्वतः बदलेल तेव्हाच बदलेल. म्हणून दिल्लीच्या निकालाचं कात्रण धरून बसू नका, आजचा राज्याचा कायदा आणि तुमचे उपविधी काढून वाचा.

प्रश्न : वेगळा विदर्भ करायचा तर घटनादुरुस्ती लागेल का? किती राज्यांची मान्यता? (अमरावती)

उत्तर : ऐकून आश्चर्य वाटेल, पण 368 ची काहीच गरज नाही. नवीन राज्य कलम 3 खाली साध्या बहुमताच्या कायद्याने होतं, त्यात पहिल्या परिशिष्टातली राज्यांची यादी बदलते तरी कलम 4 म्हणतं की ही घटनादुरुस्ती मानायची नाही. 1960 मध्ये आपला महाराष्ट्र असाच कायद्याने झाला. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने येतं आणि त्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला जातं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये तेलंगणाचं विधेयक फेटाळलं आणि फेब्रुवारीत संसदेने ते पास केलं. सोसायटीच्या संचालकांची संख्या ठरवायला निम्म्या राज्यांचा होकार आणि राज्याचे दोन तुकडे करायला त्याच राज्याचा नकारसुद्धा चालतो, हे मला काही पटत नाही, विदर्भ व्हावा असं वाटणाऱ्यांना मात्र याच कलमाचा आधार आहे.