फाउंड्रीची वाळू मुलांना खेळायला चालेल का?

प्रश्न : अनगोळच्या आमच्या बालवाडीत मुलांसाठी वाळूचा हौद बांधलाय. एक पालक उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली (धातू ओतायच्या कारखान्यातली) काळी, मऊ वाळू फुकट द्यायला तयार आहेत. घ्यावी का?
— एक बालवाडीताई, बेळगाव

उत्तर : ताई, अजिबात घेऊ नका. माझी सगळी नोकरी फाउंड्रीच्या मोल्डिंग खात्यात झाली, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय. साच्यासाठी सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळतात, कोअरमध्ये, म्हणजे आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यात, बऱ्याचदा फिनॉलिक रेझिन हे चिकटवणारं रसायन असतं. वितळलेल्या धातूचा रस ओतला की हे सगळं जळतं आणि त्याचे अंश वाळूत उरतात, धातूचे कणही उरतात. पितळेचं ओतकाम असेल तर शिसंसुद्धा. शिवाय उष्णतेनं दाणे फुटून जी बारीक धूळ होते ती फुप्फुसात बसते. आम्ही मोठी माणसं मास्क लावून ती हाताळायचो; तुमची पोरं तर तोच हात तोंडात घालणार! घरी धुऊन ती वाळू निर्धोक होत नाही.

नदीची जाडसर वाळू घ्या, चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि ओलसर ठेवा. रात्री ताडपत्री घाला, कारण मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी पसरतात. खेळून झाल्यावर साबणानं हात धुवायला लावा. बादल्या-फावडी आयएसआय खुणेचीच घ्या; १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे.

त्या पालकांची मदत मात्र नाकारू नका. नदीच्या वाळूचं टेम्पोभाडं तेवढं द्या म्हणावं.