तिला रिंगखालून बाहेर येऊ द्या

पत्र: ताई, मी बेळगावात वडगावला राहते. मुलगी सातवीत आहे, वय 12, वर्गात सगळ्यात उंच. तिच्या शाळेच्या बास्केटबॉल टीमने यंदा तालुका जिंकला. सर तिला पूर्ण मॅच रिंगखाली हात वर करून उभी करतात. आता गुडघे दुखतात म्हणते आणि प्रॅक्टिसची वेळ झाली की पोटही दुखायला लागतं. मिस्टर स्कूटरवरून घरी येईपर्यंत तिच्या चुका मोजतात. ते स्वतः कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेत. "स्टेटला निवड झाली तर पुढे खेळाच्या कोट्यातून कॉलेजात सीट मिळेल, तू मध्ये पडू नको," म्हणतात. तिची मैत्रीण वर्षभर बेंचवर बसून शेवटी यायचीच बंद झाली. सरांशी बोलू का? माझं कन्नड कच्चं आहे. – एक आई

ताई, जरूर बोला. पण सरांच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना गाठा.

दुखतंय ते नेमकं कुठे, हे तिला बोटाने दाखवायला सांगा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर असेल, तर ते वाढत्या वयातलं नेहमीचं दुखणं असू शकतं. हाड भराभर वाढत असताना सारख्या उड्या मारल्या की त्या कोवळ्या जागेवर ताण येतो. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पुरी झाली की बहुतेक मुलांचं ते थांबतं, पण तोवर उड्या कमी कराव्या लागतात, खेळून आल्यावर बर्फ लावावा लागतो. बाम चोळून आणि पट्टा बांधून मॅचला उभं करणं हा उपाय नव्हे. सूज असेल, ती लंगडत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर लगेच दाखवा.

आता मिस्टरांचं. त्यांची तळमळ खोटी नाही. जिल्ह्यापर्यंत पोचून थांबलेल्या माणसाला मुलीत पुढचा रस्ता दिसणारच. त्यांना एवढंच विचारा: कुस्तीच्या मैदानात जोड लावताना वजन बघतात ना? शाळेच्या बास्केटबॉलमध्ये फक्त वय बघतात, आणि बारा वर्षांच्या मुलींत कुणाची उंची आधी वाढते, कुणाची नंतर. तुमची मुलगी आज जिंकते त्यात तिच्या उंचीचा वाटा मोठा आहे. दोन-तीन वर्षांत बाकीच्या पोरी तिला गाठतील. तेव्हा तिला ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देत पुढे नेणं, येत नसेल, डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून बास्केट करणं, येत नसेल, पाय भराभर हलवून समोरचीची वाट अडवता येत नसेल, तर स्टेट निवडीत सर तिच्याकडे कशाला बघतील? कोट्याचा हिशेब पीयूसीनंतरचा, म्हणजे बारावीनंतरचा. ती अजून सातवीत आहे.

अमेरिकेचा अँथनी डेव्हिस शाळेत बरीच वर्षं गार्ड म्हणून खेळला, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारा. मग शाळेच्या शेवटच्या काही वर्षांत तो चांगला वीतभर वाढला. हातातलं कौशल्य तसंच राहिलं, वर उंचीही आली, आणि 2012 मध्ये एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. तुमच्या मुलीची उंची आधी आली आहे, एवढाच फरक. कौशल्य तिला आत्ताच मिळायला हवं.

स्कूटरवर मॅचचा विषय नको, हे मात्र ठामपणे सांगा. तिने काढला तर बाबांनी ऐकावं, तिने नाही काढला तर गप्प बसावं. पोटदुखीचं मूळ तिथे असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

सरांकडे जाताना मुलीला सोबत न्या. तिचं कन्नड तुमच्यापेक्षा चांगलं असणार, आणि आपल्याकडे मैदानावर दोन्ही भाषा चालतातच. तक्रार घेऊन जाऊ नका, मागणं घेऊन जा. लहान मुलींच्या मॅचमध्ये रिंगखाली उंच पोर उभी करून झोन लावला, म्हणजे प्रत्येकीने आपापली जागा राखली, की विजय सोपा होतो, कारण त्या वयात लांबून बास्केट मारायची ताकदच नसते. त्यात दोन्हीकडच्या मुली काही शिकत नाहीत. सरांना म्हणा, प्रॅक्टिसला मॅन टू मॅन खेळवा, म्हणजे प्रत्येकीने समोरच्या एकीला अडवायचं, हिला चेंडू घेऊन वर येऊ द्या, चुकली तर चुकू द्या. अर्ध्या कोर्टवर तीन-तीन जणींत खेळवलं तर प्रत्येकीच्या हाताला चेंडू जास्त वेळा लागतो. आणि मुलींना मुलांचा सात नंबरचा चेंडू देत असतील तर थोडा लहान, सहा नंबरचा मागा. बायकांच्या मॅचला तोच वापरतात. सरांवरही निकालाचं दडपण असतं, हे ध्यानात ठेवून बोला.

पत्रातली शेवटची गोष्ट तुम्ही ओघात लिहिलीत, पण मला तीच जास्त लागली. मैत्रीण यायची बंद झाली. बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर बदलता येतात. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. त्यातला एक पूर्ण क्वार्टर बेंचवरच्या मुलींना दिला, तर काय बिघडणार आहे? तालुक्याचा एखादा कप जाईल. ती मुलगी गेली, ही कपापेक्षा मोठी हानी आहे. हे सरांना सांगाच, आणि जमलं तर तिच्या आईकडेही जाऊन या.

सर ऐकले नाहीत आणि मुलीलाच थांबायचं असेल, तर हा मोसम थांबू द्या. बारा वर्षांच्या मुलीचं एका मोसमाने काही अडत नाही. मात्र हे तिला तिच्या बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे, नाहीतर ती घाबरून खेळतच राहील. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.