मॉड्युलर सिंथमध्ये (सुटी मॉड्यूल केबलने जोडून बनवलेल्या सिंथेसायझरमध्ये) एन्व्हलप, म्हणजे सूर कसा चढतो आणि विरतो ते ठरवणारा सिग्नल, बाहेरून व्होल्टेज देऊन आणखी संथ करता येतो का?

येतो, पण आधी तुमच्या मॉड्यूलला प्लस व्होल्टेजचा अर्थ काय कळतो ते बघा. गाडी इथेच अडते.

मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्स या मॉड्यूलचंच घ्या. राइज (चढ) आणि फॉल (उतार) या इनपुटना प्लस व्होल्टेज दिलं की त्यांचा वेळ वाढतो. शेजारच्या बोथ या दोन्हींच्या सामाईक इनपुटला तेच दिलं की वेळ उलट कमी होतो! मी एक अख्खी संध्याकाळ बोथमध्ये प्लस घालत बसलो होतो आणि एन्व्हलप संथ व्हायच्या ऐवजी टिकटिकायला लागला. तिथे मायनस लागतं.

मायनस आणायचं कुठून? त्याच मॅथ्समधून. तिसऱ्या चॅनलच्या इनपुटला काही जोडू नका, त्याचा नॉब मध्यावरून डावीकडे फिरवा, आउटपुटवर शून्य ते उणे 5 व्होल्ट मिळतात. ती केबल थेट बोथमध्ये. नॉब हळूच फिरवा, कारण बोथचा प्रतिसाद एक्स्पोनेन्शियल, म्हणजे पटीपटीने वाढणारा आहे; जरा सरकवलं तरी वेळ भसकन वाढतो.

खरी मजा स्थिर व्होल्टेजमध्ये नाही. कीबोर्डचं पिच व्होल्टेज (सूर जितका वरचा तितकं जास्त) उलटं करून, थोडं कमी करून फॉलला द्या. खालचे सूर जास्त रेंगाळतात, वरचे पटकन विरतात, पियानोच्या तारांसारखे.

साध्या एडीएसआरला (अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज अशा चार टप्प्यांच्या एन्व्हलप मॉड्यूलला) असं इनपुटच नसेल, तर पुढे व्होल्टेजवर चालणारा स्ल्यू लिमिटर, म्हणजे सिग्नलचे चढउतार संथ करणारं मॉड्यूल लावा. मात्र गेट (की दाबलेली असेपर्यंत चालू राहणारा सिग्नल) आखूड असेल तर एन्व्हलप शिखरापर्यंत पोचणारच नाही, आवाज बारीक येईल.