पांढरं सलाइन लावायचं का?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३१, गाव गंगाखेडजवळ. लग्नाला सात वर्षं झाली, लेकरू नाही. गेल्या साली टेस्ट ट्यूब केली, फेल गेली. आता तिथले डॉक्टर म्हणतात, तुमच्या अंड्याभोवतीच्या पाण्यात सूज आहे, इम्युनिटी जास्त झाली. रक्ताच्या महागड्या तपासण्या आणि पांढरं सलाइन सांगितलंय. मालक सोयाबीन विकून पैसे भरतो म्हणतात. माझंच अंग माझ्या लेकरावर उठलंय का? पाळीत पोट इतकं दुखतं की रानात जाता येत नाही. पाळी गेली तरी दुखतं, म्हणून गोळी रोजच घेते.

उत्तर : नाही बाई, तुमचं अंग कुणावर उठलेलं नाही. निव्वळ धीर द्यायला हे म्हणत नाही.

सोनोग्राफीत ‘फॉलिकल’ म्हणून मोजतात ती बीजपुटिका, म्हणजे अंडाशयातली पाण्यानं भरलेली पुटकुळी. तिच्यातच अंडं वाढतं. अंडं सुटायच्या सुमारास ती साधारण दोन सेंटिमीटरची होते. तिच्यातलं पाणी थोडं रक्तातून झिरपलेलं, थोडं तिच्याच पेशींनी सोडलेलं. त्यात सायटोकाइन असतात : इंटरल्यूकिन ६, इंटरल्यूकिन ८, टीएनएफ अल्फा. पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते यांच्याकरवी. धडधाकट बाईतही ते असतात, आणि असावेच लागतात. अंडं सुटायचा इशारा देणारं एलएच हार्मोन चढलं की दीड दिवसाच्या आत-बाहेर अंडं सुटायचं असतं. त्या वेळात इंटरल्यूकिन ८ पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं, प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणि दुखणं आणणारं रसायन तयार होतं, विकरं (एन्झाइम) पुटिकेची भिंत झिजवतात आणि ती फुटते. लॉरेन्स एस्पी या अमेरिकन संशोधकानं १९८० सालीच मांडलं होतं की अंडं सुटणं ही एक दाहाचीच क्रिया आहे. ही सूज अजिबात झाली नाही, तर अंडं आतच अडकून राहील.

एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) किंवा पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न सुटणं) असलेल्या बायकांत यातले काही निरोप वाढलेले आढळतात, हे खरं. पण अमुक आकड्याच्या वर गेलं की मूल राहत नाही, अशी सर्वमान्य रेघ कुणालाही आखता आलेली नाही. शिवाय ते पाणी हाती येतं फक्त अंडी सुईनं काढताना. अंडं वेगळं केलं की बहुतेक ठिकाणी ते टाकूनच देतात. दंडातून काढलेल्या रक्तावरून पुटिकेच्या आतलं कळत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : माझ्या पाण्याची तपासणी केली होती का? केली असेल तर रिपोर्ट द्या.

पांढरं सलाइन म्हणजे बहुधा इंट्रालिपिड. ते सोयाबीनच्या तेलाचंच असतं आणि तोंडानं अन्न घेता न येणाऱ्या रोग्यांसाठी बनवलेलं आहे. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेनं २०२३ मध्ये ते वापरू नये असंच सांगितलं. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला अँटिफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी लागते, पण ती गोष्ट निराळी. तुमच्या पत्रात गर्भपाताचा उल्लेख नाही. मालकांना सांगा, या सलाइनसाठी सोयाबीनचं एक पोतंही विकू नका.

मला काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांची. रानात जाऊ न देणारं दुखणं ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो, आणि आपल्या भागात पिशवीचा, नळ्यांचा टीबीही विसरून चालत नाही. दोन्हींवर उपचार आहेत.

आणि ती गोळी कोणती? डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड अशा गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच अडवतात. पाळीच्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतल्या तर चालतं. पण अंडं सुटायच्या दिवसांतही रोज पोटात गेल्या, तर कधी कधी पुटिका वाढते, फुटत मात्र नाही. टेस्ट ट्यूब फेल जाण्याचं खापर मी गोळीवर फोडणार नाही, कारण तिथे अंडं सुईनंच काढतात. घरच्या घरी दिवस राहण्याच्या आड मात्र ती येऊ शकते.

अंबाजोगाई किंवा नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात जा. जुनी फाइल, गोळीचं पाकीट सोबत न्या, पाळीच्या तारखा लिहून न्या. मालकांनाही घेऊन जा. त्यांच्या वीर्यतपासणीबद्दल पत्रात एक ओळही नाही. ती झाली नसेल तर आधी ती करा.