मानद डॉक्टरेट : पैसे भरण्याआधी विचारा

ठाणे-नवी मुंबईतून एकाच गोंधळाची पत्रं येत आहेत, म्हणून आज फक्त मानद पदव्या.

मानद पदवीचा अर्ज कुठे मिळतो? (कळवा)
अर्ज नसतो.

मानद डी.लिट.वर प्राध्यापकाची नोकरी मिळेल का? (घणसोली)
नाही. ती शैक्षणिक पात्रता धरली जात नाही.

मग विद्यापीठ नाव ठरवतं कसं? (नौपाडा)
मुंबई विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठाला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे. कुलगुरूंनी आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, मान्यता घ्यायची. त्यानंतर व्यवस्थापन परिषद शिफारस करते आणि अधिसभेत (सिनेटमध्ये) हजर सदस्यांची दोनतृतीयांश मतं लागतात. परीक्षा नाही, प्रबंध नाही, फीसुद्धा नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचे नियम वेगळे असतात. ते त्यांच्या कुलसचिवांकडे विचारा.

वडील कीर्तनकार आहेत. एका 'आंतरराष्ट्रीय विद्यापीठा'चं पत्र आलंय : वाशीच्या हॉटेलात समारंभ, नोंदणी २१ हजार रुपये. पत्रावर निती आयोग आणि आयएसओचा उल्लेख आहे. भरावेत का? (नेरूळ)
एक रुपयाही भरू नका. पदवी कोणी द्यायची हे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) अधिनियम १९५६ च्या कलम २२ मध्ये स्पष्ट आहे : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी नाही. निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर स्वयंसेवी संस्था नोंद करतात, आयएसओ प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीचं असतं. दोन्हींतून पदवी देण्याचा अधिकार येत नाही. पत्र नीट वाचा. सही कुलसचिवांची आहे की 'फाउंडर चेअरमन'ची? पैसे कोणाच्या यूपीआयवर मागितलेत? गाऊन, टोपी, पदक यांचे वेगळे पैसे लावलेत का? परदेशी विद्यापीठ म्हणत असतील, तर त्या देशाच्या मान्यता यादीत नाव शोधा. 'ओळखीच्या दोघांना मिळाली' हा पुरावा नव्हे. अधिकार नसताना पदवी दिली तर याच अधिनियमाच्या कलम २४ खाली दंड जेमतेम हजार रुपयांपर्यंत, म्हणून या लोकांना धाक नाही. सावध आपणच राहायचं. आणि ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर महिनाभर थांबून मला पत्र लिहू नका. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पावती आणि पत्र घेऊन पोलीस ठाण्यात जा.

मानद पदवी मिळाल्यावर नावाआधी 'डॉ.' लावावं का? (कोपरी)
लावू नये, असा संकेत आहे. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाने १९५२ मध्ये एलएल.डी. आणि उस्मानियाने १९५३ मध्ये डी.लिट. दिली, त्या मानद होत्या. त्यांचं 'डॉ.' आलं ते कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. या अभ्यासाने मिळवलेल्या पदव्यांतून. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात किंवा नोकरीच्या अर्जात मानद पदवी लिहायची असेल, तर 'मानद' हा शब्द गाळू नका, आणि सही करण्याआधी वकिलांना दाखवा.