क्वांटम आणि ग्रॅव्हिटीचं अजिबात जमत नाही असं का म्हणतात? मग स्पेसटाइम म्हणजे नक्की काय?

"अजिबात जमत नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत ऐकलंय आणि ते मला आजही पटलेलं नाही.

माझा प्रोजेक्ट न्यूट्रॉन इंटरफेरोमेट्रीवर होता, म्हणजे न्यूट्रॉनची लाट दुभंगून परत जुळवायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "क्वांटम आणि ग्रॅव्हिटी एकाच प्रयोगात? असं काही नसतं." मी उठले आणि फळ्यावर कोलेला, ओव्हरहाउसर, वर्नर यांचा १९७५ चा प्रयोग काढला. सिलिकॉनच्या एकाच अखंड स्फटिकातून कापलेला इंटरफेरोमीटर, त्यात न्यूट्रॉनच्या लाटेला दोन फाटे फुटतात आणि पुढे परत एकत्र येतात, आता अख्खं यंत्र आत येणाऱ्या झोताभोवती फिरवलं की एक वाट वर जाते नि दुसरी खाली, फरक जेमतेम काही सेंटीमीटरचा, पण तेवढ्यानं दोन्ही लाटांची फेज, म्हणजे चढउतारांचा ताळमेळ, बदलते आणि डिटेक्टरवरचे काउंट कमीजास्त व्हायला लागतात. त्या फेजच्या सूत्रात वर पृथ्वीचा जी (गुरुत्वत्वरण) आहे आणि खाली प्लँकचा एच, म्हणजे क्वांटमचा मूळ स्थिरांक. दोघं एकाच ओळीत! सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, पुढचा प्रश्न. मार्क कापले गेले ते वेगळंच.

तर जमत नाही ते नेमकं कुठे? ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाचा कल्पिलेला क्वांटम कण, धरून हिशोब करायला गेलं की अनंत येतात, आणि ते आवरायला दर पायरीला नवे स्थिरांक लागतात, ते संपतच नाहीत. पण कमी ऊर्जेला हे नवे स्थिरांक असलेल्या पदांचा परिणाम नगण्य असतो. भौतिकशास्त्रज्ञ डोनोह्यू यांनी १९९४ मध्ये न्यूटनच्या नियमातली क्वांटम दुरुस्ती याच पद्धतीनं काढून दाखवली. खरी बोंब प्लँक लांबीपाशी, म्हणजे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात इतक्या मीटरवर.

स्पेसटाइमचं, म्हणजे जागा आणि काळ मिळून होणाऱ्या पटाचं म्हणाल, तर भौतिकशास्त्रज्ञ ब्रॉन्स्टाइन यांनी १९३० च्या दशकातच दुखरी जागा दाखवली होती. छोट्या जागेतलं गुरुत्व क्षेत्र अचूक मोजायचं तर मोजणारी वस्तू जड हवी आणि लहानही हवी, आणि ती तशी करत गेलात की एका टप्प्यावर तिचं स्वतःचंच गुरुत्व सगळं गिळतं. म्हणजे अंतर ही कल्पनाच खाली कुठेतरी सुटते. लूपवाले, म्हणजे लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या सिद्धांतावर काम करणारे, म्हणतात क्षेत्रफळ तुकड्यातुकड्यांत येतं, भौतिकशास्त्रज्ञ माल्डासेना यांच्या १९९७ च्या कामात एका खास प्रकारच्या स्पेसटाइमच्या आतली ग्रॅव्हिटी ही त्याच्या सीमेवरच्या ग्रॅव्हिटी नसलेल्या क्वांटम थिअरीचंच दुसरं रूप निघते. माझं मत विचाराल तर स्पेसटाइम मूळ वस्तू नाही, खालच्या कशातून तरी वर आलेली आहे. पण हे मत झालं, पुरावा नाही.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं, १९७५ च्या प्रयोगात क्वांटम होता तो न्यूट्रॉन. पृथ्वीचं गुरुत्व साधं न्यूटनचंच धरलं होतं. गुरुत्व स्वतः क्वांटम आहे का, याचा तो पुरावा नाही. त्यासाठी दोन छोटी वस्तुमानं सुपरपोझिशनमध्ये (एकाच वेळी दोन जागी असल्यासारख्या अवस्थेत) ठेवून ती फक्त ग्रॅव्हिटीमुळे एंटँगल होतात का, म्हणजे त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंततात का, बघायचं, असा प्रस्ताव २०१७ मध्ये दोन गटांनी मांडलाय.

त्यामुळे तुम्हाला कुणी "जमत नाही" म्हणालं तर सरळ विचारा, कुठल्या लांबीवर? सरांनी त्या दिवशी "गुरुत्व क्वांटम असल्याचं अजून सिद्ध नाही" एवढंच म्हटलं असतं तर मी निमूट खाली बसले असते. ते तसं म्हणाले नव्हते.